पायथॉन (प्रोग्रामिंगची भाषा): यादीतून सम संख्या काढताना काही मागे राहतात (माझा अनुभव)

यादी होती [1, 2, 4, 6, 7, 8, 10]. सम संख्या काढून [1, 7] उरायला हवं होतं, मिळत होतं [1, 4, 7, 10]. एररही नाही!

आधी अटीवर संशय घेतला, पण % 2 == 0 (2 ने भागून बाकी 0) बरोबरच होतं. मग लूप (यादीतली एकेक संख्या घेऊन तीच कृती पुन्हा करणारा कोड) दोनदा फिरवला. या यादीला चाललं, [2, 4, 6, 8] ला मात्र 8 उरलाच. अख्खी संध्याकाळ यात गेली.

खरं कारण: ज्या यादीवर फॉर लूप चालू होता, तिच्यातूनच मी संख्या रिमूव्ह करत (काढत) होतो. लूप जागेच्या क्रमांकाने (मोजणी 0 पासून) पुढे जातो. क्रमांक 1 वरचा 2 काढला की 4 सरकून त्याच जागी येतो, आणि लूप थेट क्रमांक 2 वर, म्हणजे 6 वर जातो. 4 तपासलाच जात नाही.

काय केलं: लूपच्या आधी, बाहेर, रिकामी यादी 'नवी' = [] केली. लूप मूळ यादीवरच ठेवला. अट उलटी केली, % 2 != 0 (बाकी 0 नसेल तर). रिमूव्हच्या जागी नवीमध्ये अपेंड (शेवटी जोडणं). लूप संपल्यावर, ओळ डावीकडे लूपच्या बाहेर आणून, नवी प्रिंट केली: [1, 7]. (प्रिंट आधी लूपच्या आतच राहिलं होतं!)