तेर बघायचं, तर कोणत्या क्रमाने

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाऊन निराश परतणारे लोक बहुधा एकच चूक करतात. ते आधी जुन्या वस्तीची टेकाडं बघतात. माहितीफलकांच्या भरवशावर समजेल असं हे गाव नाही. डोळे तयार नसतील तर २००० वर्षांपूर्वीची बाजारपेठ मातीचा ढीग वाटते. म्हणून क्रम असा ठेवा: सकाळी त्रिविक्रम मंदिर, मग संग्रहालय, उन्हं कलल्यावर टेकाडं.

जाण्याआधी एवढं डोक्यात असू द्या. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात पैठणच्या पूर्वेला १० दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगर नावाच्या मोठ्या शहराचा उल्लेख आहे. तिथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचं. ते तगर म्हणजेच हे तेर. पुढे कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला अभिमानाने ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणजे श्रेष्ठ तगर नगरीचे स्वामी, म्हणवत राहिले.

मुक्कामाला धाराशिव शहरच धरा. गावात राहण्याच्या सोयीवर विसंबू नका. शहरातून एसटीने किंवा खासगी गाडीने तेर एका दिवसात आरामात होतं. एसटीने गेलात तर उतरतानाच कंडक्टरला परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारा, कारण ती चुकली की संध्याकाळी वाहन मिळवताना धावपळ होते. संग्रहालय उघडं आहे ना, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. शासकीय संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात आणि संग्रहालयाशिवाय तेरची फेरी अर्धीच होते.

त्रिविक्रम मंदिरात शिरण्याआधी बाहेरून पूर्ण चक्कर मारा. समोरचा सपाट छताचा मंडप नंतर जोडलेला आहे, त्यामुळे पुढून नेहमीचंच देऊळ वाटतं. मागे गेल्यावर भिंत अर्धगोल वळते आणि वर हत्तीच्या पाठीसारखं गोल छत दिसतं. कार्ल्या-भाज्याला कातळात कोरलेला चैत्य, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, पाहिला असेल, तर तोच आकार इथे विटांनी उभा बांधलेला आहे. हा मूळचा बौद्ध चैत्य असल्याचं मानतात. भारतात असे विटांचे चैत्य उभ्या स्थितीत अगदी मोजके उरलेत. आंध्रातलं चेजर्ल्याचं मंदिर हे त्यातलं दुसरं. मंडपाच्या वर, दर्शनी भागात घोड्याच्या नालेसारखी कमान शोधा. आत पूजेतली मूर्ती आहे, तेव्हा चपला बाहेर काढा आणि फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयाला किमान दोन तास द्या. हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती आधी गाठा. इटलीतल्या पाँपेईच्या अवशेषांत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं जवळचं साम्य आहे, आणि पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. या एका वस्तूवरून तेरचा काळ आणि पल्ला दोन्ही कळतात. मग पांढऱ्या केओलिन मातीच्या बाहुल्या बघा, पण समोरून नव्हे, बाजूने. कडेला सांध्याची रेघ दिसेल: पुढचा आणि मागचा असे दोन साचे जोडून आतून पोकळ केलेल्या या मूर्ती आहेत. रोमन नाण्यांची नक्कल करून मातीत केलेली पदकंही आहेत; ती गळ्यात घालायची होती, म्हणून ओवायची सोय कुठे आहे ते पाहा. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट इथेच ठेवली आहे. आपल्या हवेत इतकं जुनं लाकूड टिकणं ही दुर्मिळ गोष्ट, तिच्यापुढे घाईने सरकू नका. निघण्याआधी खापरांच्या कपाटापाशी थांबून लाल चकाकीचं आणि काळं-तांबडं भांडं वेगळं ओळखता येतंय का, हे स्वतःला तपासा. दुपारी त्याचाच उपयोग आहे.

टेकाडं म्हणजे गावाची पांढर. शेकडो वर्षं मातीची घरं पडली, त्यांवर नवी उठली, चुलीची राख मिसळली. म्हणून आसपासच्या काळ्या रानात ही माती राखाडी-पांढरी उठून दिसते. पावसाने कापलेल्या कडेला उभे राहा आणि वरून खाली वाचा: राखेचा पट्टा, खापरं, शंखाच्या बांगडीचा तुकडा, आजच्या विटेहून बरीच मोठी वीट. तिरप्या उन्हात हे थर स्पष्ट होतात, भर दुपारी सगळं सपाट दिसतं. शेतात पाय ठेवण्याआधी मालकाला विचारा. पावसानंतर लगेच जाऊ नका, काळी माती बुटाला किलोभर चिकटते. सगळ्यात चांगले दिवस फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीचे: ज्वारी निघालेली असते आणि ऊन अजून सोसवतं.

एकही खापर उचलू नका. ते कुठल्या थरात होतं हीच त्याची किंमत. खिशात गेलं की तो निव्वळ तुकडा. कुणी मणी किंवा नाणं विकायला आणलं तर घेऊ नका. पुरावस्तूंचा व्यापार १९७२ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय करता येत नाही, आणि एक गिऱ्हाईक मिळालं की चार खड्डे नवे खणले जातात. इथल्या जुन्या विटा पाण्यावर तरंगण्याइतक्या हलक्या असल्याची ख्याती आहे. ते तपासायला मंदिराची वीट उकरू नका.

संत गोरोबाकाकांचं समाधिमंदिर तेरणेच्या काठावर आहे. ज्या गावाची सगळी ओळख भाजलेल्या मातीतून मिळते, तिथला संत कुंभार असावा याचं अप्रूप वाटतं. चैत्र वद्यात त्यांची यात्रा भरते. दर्शनासाठी तेव्हाच जा. पांढर बघायची असेल तर ते दिवस सोडून.

दुसरा दिवस हाताशी असेल तर सकाळी धाराशिवची लेणी करा, शहरापासून साधारण ८ किलोमीटरवर. आत अंधार असतो, टॉर्च आणि पाणी बरोबर घ्या.