फुगलेली अझायगस शीर ही गाठ नव्हे: महाशिरांच्या बाबतीत या चुका टाळा

कमरेखालचं रक्त अधोमहाशिरेतून, आपल्या रोजच्या भाषेत आयव्हीसीतून, यकृतामागून वर चढतं आणि हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पडतं. काही मोजक्या लोकांत यकृतामागचा हा तुकडा मुळात तयारच झालेला नसतो. गर्भात निरनिराळ्या शिरांचं जोडकाम होऊन ही महाशीर बनते. त्यातला एक सांधा जुळला नाही, की रक्त मणक्यालगतच्या अझायगस शिरेची वाट धरतं आणि वरून, म्हणजे डोक्या-हातांचं रक्त आणणाऱ्या ऊर्ध्वमहाशिरेतून, हृदयात येतं. यकृताच्या शिरा मग थेट हृदयात उघडतात. बहुतेकांना याचा त्रास काहीच नसतो. घोळ होतो तो आपल्या, म्हणजे डॉक्टरांच्या, हातून.

छातीच्या एक्स-रेत श्वासनलिकेच्या उजवीकडे गोल सावली दिसली, की गाठीचा संशय येतो. तिथे तपासणीसाठी सुई घालण्याआधी कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, चित्रात उजळ दिसणारं औषध) देऊन सीटी करा. शिरेसारखी उजळली, तर ती भार वाहून फुगलेली अझायगस आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक ऑपरेशन टेबलावरची. अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेत अझायगस बांधून कापणं हे नेहमीचं काम. पण इथे तीच कमरेखालच्या रक्ताची मुख्य वाट असते. ती बांधली तर जीवावर बेतू शकतं. सीटी आधीच काढलेला असतो, फक्त शिरांकडे कुणी बघितलेलं नसतं!

टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) यकृताची शीर हृदयात शिरताना दिसते आणि आपण ‘आयव्हीसी नॉर्मल’ लिहून मोकळे होतो. प्रोब (सोनोग्राफीचा दांडा) खाली सरकवत ती मूत्रपिंडांपर्यंत जाते का, ते बघा. हृदयाकडे नेण्यासाठी जांघेच्या शिरेतून घातलेली वायर हृदयामागून वर जात असेल तर ढकलू नका. बाजूने चित्र घ्या. आणि हो, प्लीहा (स्प्लीन) एक आहे की अनेक, हेही मोजा. अनेक असतील तर हृदयात जन्मजात दोष सापडण्याची शक्यता बरीच असते.

गर्भातली डावी ऊर्ध्वमहाशीर एरवी नाहीशी होते; ती टिकून राहणं हा प्रकार त्यामानाने जास्त भेटतो, हजारात 3 ते 5 जणांत. सेंट्रल लाइन (मानेतून किंवा खांद्याजवळून मोठ्या शिरेत घातलेली नळी) छातीच्या डाव्या कडेने उतरलेली दिसली, की ‘धमनीत गेली’ म्हणून धावपळ होते. आधी नळीतला दाब आणि ब्लड गॅस (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) तपासा. ही डावी शीर सहसा कोरोनरी सायनसमध्ये, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या रक्ताच्या शिरेत, उघडते; तो फुगलेला असेल तर बबल टेस्ट (शिरेत बुडबुड्यांचं सलाइन सोडून इकोत बघणं) डाव्या हातातून करा. उजव्या हातातून केली तर ही शीर सहसा निसटते.