शहरी प्रदेशांची तुलना करताना या चुका टाळा

पुण्याची आणि नागपूरची तुलना करायला घेतली की पहिली चूक हद्दीपाशीच होते. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे ३१ लाख आणि नागपूर महापालिकेची सुमारे २४ लाख आहे, त्यामुळे दोन्ही शहरे एकाच पंक्तीतली वाटतात. मात्र नागरी समूहाचे, म्हणजे शहर आणि त्याला लागून सलग वाढलेल्या वस्त्यांचे मिळून आकडे घेतले, तर नागपूर २५ लाखांच्या आसपासच राहते आणि पुणे ५० लाखांवर जाते, कारण १९८२ मध्ये स्थापन झालेली पिंपरी-चिंचवड महापालिका आणि पुणे, खडकी व देहूरोड ही तीन कॅन्टोन्मेंट त्यात येतात. निधीवाटपाचा प्रश्न असताना हा फरक नजरेआड करणे नागपूरवर आणि पुण्यावर, दोघांवरही अन्यायाचे आहे, असे मला ठामपणे वाटते.

दोन वर्षांचे आकडे शेजारी मांडताना एखाद्या जिल्ह्याची लोकसंख्या एकाएकी घसरलेली दिसली, तर स्थलांतराची कारणे शोधण्याआधी जिल्ह्याचे विभाजन झाले होते का, हे पाहावे. २०११ मध्ये १ कोटी १० लाख लोकसंख्येचा असलेला ठाणे जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी विभागला गेला आणि वसई, जव्हार व मोखाडा हे तालुके पालघरमध्ये गेले. जुन्या आकड्यापुढे ‘पालघरसह’ एवढे लिहिले तरी पुढचा घोळ टळतो.

दरडोई उत्पन्नाबाबत अधिक सावध राहावे लागते. जिल्ह्याचे उत्पन्न ते जिथे निर्माण होते तिथे मोजले जाते. म्हणून विरारहून पहाटेची लोकल पकडून चर्चगेटच्या कचेरीत जाणाऱ्या माणसाचे काम मुंबईच्या खात्यात जमा होते, पण त्याच्या घराला लागणारे पाणी, मुलांची शाळा आणि सांडपाण्याची सोय यांचा भार वसई-विरारवर पडतो. शिवाय त्याच पालघर जिल्ह्याच्या सरासरीत वसईची दाट वस्ती आणि मोखाड्याचे आदिवासी पाडे एकत्र मोजले जातात. राज्यातील प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या तुलनेत विकासात राहिलेली तूट, जिल्हानिहाय मोजला होता, तर याच प्रश्नावरच्या केळकर समितीने २०१३ च्या अहवालात तालुका पातळीवर भर दिला, आणि पालघरसारखा जिल्हा पाहिला की तो का आवश्यक होता हे लगेच ध्यानात येते.