आठवड्याचं वाटण रविवारीच करून ठेवा

आठवड्याचा स्वयंपाक आधी करून ठेवायचा म्हटलं की लोक पहिल्याच रविवारी सात भाज्या करायला बसतात आणि दमून सोडून देतात, तसं नका करू, फक्त वाटणापासून सुरुवात करा. आपल्या खान्देशात शेवभाजी काय, वांग्याची रस्सा भाजी काय, सगळ्याला लागतं तेच, गॅसवर काळा होईस्तोवर भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण, आलं. ५-६ कांद्यांचं एकदम वाटा, पाणी अगदी कमी घाला, मग तेलात काळा मसाला घालून कडेने तेल सुटेपर्यंत परता, इथे घाई करू नका कारण कच्चं राहिलं तर लवकर आंबतं. ३-४ दिवसांचं स्टीलच्या कोरड्या डब्यात फ्रिजमध्ये, उरलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं. शेवभाजीला मग दोन-तीन तुकडे, गरम पाणी, एक उकळी, झालं! शेव मात्र वाढतानाच टाका. आणि हो, उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे ओट्यावर तासभरही ठेवू नका, ताटात पसरवून गार करा नि लगेच आत. भाकरी रोज ताजीच बरी.