खळ्यावर तारे पाहायचे तर: आधी तारीख, मग डोळे, सगळ्यात शेवटी मोबाइल

टेलिस्कोप घेऊ नका. पहिल्या हिवाळ्यात तर अजिबात घेऊ नका. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात ऑनलाइन सेवा केंद्र चालवते. सातबारा काढायला आलेल्या बाया काम होईपर्यंत बसल्या बसल्या विचारतात, ‘ताई, पोट्टे मागे लागले, तारे पाहाचे म्हणतात, कोणती दुर्बीण मागवू?’ ‘पाचशे पंचवीस पट’ असं खोक्यावर छापलेल्या खेळण्यातल्या टेलिस्कोपची काच बारीक आणि पाय लटपटते असतात. त्यातून चंद्राशिवाय काही धड दिसत नाही, आणि आठवड्याभरात तो माळ्यावर जातो. नागपूर-पुण्यातल्या लोकांना जे गाडी काढून शोधत फिरावं लागतं ते अंधारं आकाश आपल्या धुऱ्यावर फुकट आहे. पैसा त्यानंतर.

तर आधी तारीख. भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावास्या शोधा. तिच्या अलीकडचे चार-पाच दिवस आणि पलीकडचे दोन-तीन दिवस चालतात. पलीकडच्या दिवसांत चंद्रकोर संध्याकाळी असते, पण ती लवकर मावळते, आणि मावळण्याआधी पोरांना तेवढीच गंमत. दिवाळी ते होळी हा हंगाम उत्तम. त्यातला शनिवार धरा, म्हणजे दुसऱ्या दिवशी शाळा नाही. आणखी एक गोष्ट शहरातल्या लेखांत कधी सापडत नाही: शेतीची लाइन त्या आठवड्यात दिवसाची आहे की रात्रीची, तेही पाहा. रात्रीची असेल तर हरभऱ्याला किंवा गव्हाला ओलीत करायला घरचं कोणीतरी जागंच असतं. आमचे हे मोटर सांभाळतात, आम्ही आकाश. फक्त बसायला भिजलेल्या वावरापासून लांबची कोरडी जागा निवडा, नाहीतर दवाने दुर्बिणीच्या काचा पुन्हा पुन्हा धूसर होतात.

गच्ची की खळं? गावात हायमास्ट लागल्यापासून माझं उत्तर खळं. घराच्या गच्चीवरून जमतं, पण रस्त्याचा एलईडी डोळ्यांत येणार नाही अशी पाण्याच्या टाकीची आडबाजू पकडावी लागते.

खळ्यावर जाताना पोरांच्या पायात बूट आणि बसायला बाज. जमिनीवर सतरंजी टाकून झोपायचं नाही, मग थंडी कितीही असो. मण्यार रात्रीच फिरते. विंचवासाठी माझ्याकडे एक स्वस्तातलं साधन आहे: नोटा तपासायचा जांभळा अतिनील टॉर्च. त्याच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. बाज टाकण्याआधी खळ्यावर आणि कुटाराच्या ढिगाभोवती एक फेरी मारते. धाकट्याला तर ताऱ्यांपेक्षा ह्या फेरीचीच जास्त ओढ असते. टॉर्च कोणाच्या डोळ्यांवर मारायचा नाही, हे मात्र दर वेळी बजावून सांगा. साप त्यात चमकत नाही, त्यासाठी साधा टॉर्च आणि काठी हवीच. कुंपणाला झटका मशीन लावलेलं असेल तर पोरांना तार कुठून कुठे गेली आहे ते उजेड असतानाच दाखवून ठेवा.

जेवण दिवस मावळायच्या आत. रोडगे आणि वांग्याची भाजी करायची असेल तर गोवऱ्या तीन वाजताच पेटवा. पऱ्हाट्यांची शेकोटी सगळ्यांना हवीहवीशी वाटते, पण तिचा जाळ डोळ्यांना मारतो आणि धूर आकाशाला. शेकायचं तेवढं शेकून ती पार विझवा, मग थर्मासमधला चहा आणि गोधड्या.

आता अंधाराचं गणित. डोळ्यांना काळोखाची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि कोणी एकाने पांढरा टॉर्च मारला की सगळं पहिल्यापासून. लाल उजेडाने डोळे तितके बिघडत नाहीत. मिठाईच्या खोक्यावरचा लाल जिलेटीन कागद टॉर्चवर दोन-तीन पदरी गुंडाळून रबर लावा. मोबाइलचा ब्राइटनेस तळाशी, इंटरनेट आणि नोटिफिकेशन बंद. ‘स्टेलॅरियम’सारख्या आकाश-नकाशाच्या ॲपमध्ये रात्रीचा लाल पडदा असतो, तो चालू करा. ॲप घरूनच उतरवून न्या, खळ्यावर रेंज असेलच असं नाही. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, ते थेट उपग्रहाकडून येतं. ई-पीक पाहणी करताना हे तुम्ही अनुभवलं असेल. फार वेळ लागला तर जागा हाताने भरा. आमच्याकडची अंदाजे २०.३ उत्तर, ७७.८ पूर्व आहे. नकाशा भलत्याच दिशेला फिरत असेल तर मोबाइल हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, होकायंत्र ताळ्यावर येतं. मोटरसायकलीच्या टाकीवर ठेवून दिशा पाहू नका, लोखंड त्याला फसवतं.

पहिला अर्धा तास कोणतंही यंत्र नाही. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. विदर्भाचा हा भाग विषुववृत्ताच्या वीसेक अंश उत्तरेला आहे, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून बरोबर दोन मुठी वर असतो. डिसेंबरात संध्याकाळी सप्तर्षी नसतात, पण उत्तरेला इंग्रजी एमच्या आकाराची शर्मिष्ठा असते. तिच्यावरून खाली या, आणि ध्रुव सापडला की क्षितिजापासून त्याच्यापर्यंत दोन मुठी मोजा. मोठीला भूगोलातलं अक्षांश मी पुस्तकातून शिकवत होते तेव्हा तिला जांभया येत होत्या. मुठींनी ते एका मिनिटात झालं.

मग पूर्वेला कृत्तिका, आणि तिच्या मागून मृग. इथे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पुढे करा. आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, बाजेवर पडल्या पडल्या सांगतात, ‘आमच्या टायमाला घड्याळ कुठं होतं? तिकांडं पाहून वखत समजे.’ तिकांडं म्हणजे मृगाच्या पोटातले ते तीन तारे, व्याधाने मारलेला बाण. त्याच रेषेत खाली लखलखतो तो व्याध. मग मोठीने विचारलं, ‘आजोबा, मृग लागतो जूनमध्ये, मग तो आता थंडीत कसा?’ हा प्रश्न तुमच्याकडेही येईल, उत्तर तयार ठेवा. ७-८ जूनला सूर्य मृग नक्षत्रात शिरतो, म्हणून त्या वेळी मृग दिवसा सूर्यासोबत असतो आणि दिसत नाही. सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला आली, की तोच मृग रात्रभर डोक्यावरून जातो. ज्याच्या नावाने आपण पेरणीचे दिवस मोजतो तो पेरणीत कधीच दिसत नाही, हे मामाजींनाही फार आवडलं.

दहाच्या सुमाराला दक्षिणेकडे खाली एक ठळक तारा दिसेल, तो अगस्ती. आपल्याकडे तो सर्वात वर येतो तेव्हाही पावणेदोन मुठींपेक्षा उंच नसतो. दिल्लीकरांना तर एक मूठही मिळत नाही.

यानंतर दुर्बीण, तीही दोन डोळ्यांची. १०×५० किंवा ७×५० घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या काचेच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. अंधारात दुसरा आकडा जास्त कामाचा. जत्रेत ‘१००×१००’ लिहिलेली मिळते, तिच्या काचा फूटपट्टीने मोजा म्हणजे उलगडा होईल. हात हलू नये म्हणून उफणायच्या तिवईवर कोपर टेका, किंवा बाजेवर उताणं पडा. कृत्तिकेत डोळ्यांना सहा तारे दिसतात, दुर्बिणीत कितीतरी. तिकांड्याच्या खाली मृगाचा तेजोमेघ धुरकट दिसतो, तिथे नवे तारे जन्मतात. देवयानी दीर्घिका, म्हणजे असंख्य ताऱ्यांचा दूरचा समूह, हा डोक्यावरून थोडा उत्तरेकडचा पांढुरका डाग. तो उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखी माणसं नव्हती, पंचवीस लाख वर्षं तो वाटेत होता. गुरू दिसत असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना रेषेत बारीक ठिपके शोधा. गॅलिलिओने १६१० साली पाहिलेले चार चंद्र ते हेच. दिवसा मात्र ही दुर्बीण कुलपात. सूर्याकडे तिने एकदा पाहिलं तरी डोळा जातो.

आणि शेवटी मोबाइलचा कॅमेरा. प्रो मोड उघडा, त्यात सगळं हाताने ठरवता येतं. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, १६०० ते ३२००, फोकस अनंतावर. शटर किती वेळ उघडं ठेवायचं? पाचशेला लेन्सच्या मिलिमीटरने भागा. मोबाइलची मुख्य लेन्स साधारण मोठ्या कॅमेऱ्याच्या २५ मिलिमीटर लेन्सच्या तोडीची धरली तर वीस सेकंद. त्यापेक्षा जास्त ठेवलं तर पृथ्वी फिरते आणि ताऱ्यांच्या रेघा होतात. रेघाच हव्या असतील तर मोबाइल ध्रुवाकडे रोखून एकामागोमाग फोटो घेत राहा आणि घरी ते जोडा. तिवईवर मोबाइल रबराने बांधा. बटण दाबताना तो हलतो, म्हणून टायमर लावा किंवा वायरचा इअरफोन जोडून त्याच्या आवाजाच्या बटणाने फोटो काढा. पहिला फोटो काळाच येईल असं समजून पोरांना आधीच सांगून ठेवा.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक संध्याकाळी कधी जाणार ते नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’वर आधी पाहून घ्या. साधारण चारशे किलोमीटर उंचीवरून, न लुकलुकता, पाचेक मिनिटांत ते आकाश पार करतं. लाल-हिरवं लुकलुकलं तर ते विमान, आणि नागपूरच्या दिशेने ती भरपूर जातात.

उल्का पाहायच्या तर १३-१४ डिसेंबर. पुनर्वसूच्या बाजूने मिथुन राशीतल्या उल्का येतात, रात्री नऊनंतर वेग धरतात. दुर्बीण नको, उघडं आकाश हवं.

एक उल्का दिसली की ‘ती गावात पडली तर?’ सुरू होतं. त्याचं उत्तर वाशिम-रिसोडवरून लोणारला. अशनीच्या, म्हणजे आकाशातून जमिनीवर पडलेल्या दगडाच्या, आघाताने बेसाल्टात (आपल्याकडच्या काळ्या खडकात) झालेलं, जवळजवळ १.८ किलोमीटर रुंदीचं ते विवर आपल्याच विदर्भात आहे, आणि २०२० पासून ते रामसर स्थळ, म्हणजे जपायच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीतलं ठिकाण, आहे. निघण्याआधी उपग्रह-नकाशावर अंतर मोजायच्या साधनाने पोरांना विवराची रुंदी मोजायला लावा, तिला ३.१४ ने गुणून कडेची फेरी किती होईल ते काढू द्या. सोबत हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या न्या. सरोवराचं पाणी क्षारीय आहे. काठापर्यंत जाऊ दिलं तर पट्टी पाण्याला टेकवा, ती लालसर होते. ते अभयारण्य आहे, पट्ट्या परत पिशवीत टाकून आणा आणि पाणी बाटलीत भरून आणू नका.