जिगसॉचे स्वयंचलित वेगनियंत्रण: या चुका टाळा

जिगसॉ म्हणजे वर-खाली हलणाऱ्या ब्लेडने लाकूड, प्लास्टिक किंवा पत्रा कापणारी, हातात धरायची विजेवरची करवत. दुरुस्तीसाठी येणाऱ्या जिगसॉंपैकी बरीचशी मुळात बिघडलेलीच नसतात. ब्लेड निळे पडलेले असते, ॲक्रिलिकची कड वितळलेली असते किंवा लाकडाचा काप वरून सरळ आणि खालून तिरका गेलेला असतो. आणि आणणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो की, यंत्र वेग आपोआप सांभाळते, तर असे झालेच कसे? यंत्र वेग सांभाळते हे खरे आहे. मात्र ब्लेडखाली सागवान आहे की पोलादी पत्रा, हे त्याला कळत नाही, आणि पुढच्या जवळजवळ सर्व चुका ही एवढी गोष्ट न समजल्यामुळे होतात.

‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली दोन वेगळ्या सोयी येतात. पहिली सोय म्हणजे डायलवर ठरवलेला वेग लोड (कापताना मोटरवर येणारा भार) आल्यावरही टिकवून ठेवणे. मोटरच्या दांड्यावर चुंबकाची छोटी कडी असते आणि तिच्याजवळच्या सेन्सरकडून सर्किटला फेऱ्यांची गती समजते. गती उतरू लागली की सर्किट विजेच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनात ट्रायॅक (मोटरला वीज सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) थोडा आधी चालू करते, त्यामुळे मोटरला जास्त शक्ती मिळते. दुसऱ्या सोयीत यंत्र मोकळे असताना हळू चालते आणि ब्लेड मालात शिरल्याचे जाणवताच वेग वाढवते. रेषेवर ब्लेड टेकवताना थरथर कमी व्हावी, हा तिचा हेतू आहे. काही यंत्रांत हा वेग डायलच्या आकड्यापर्यंत जातो, तर काहींत डायलवरील ‘ए’ खुणेवर ठेवल्यास थेट कमाल वेगापर्यंत जातो. आपले यंत्र यांपैकी कोणते आहे, हे माहितीपुस्तिकेत वाचल्याशिवाय पहिला काप घेऊ नये.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे प्लास्टिक आणि धातू ‘ए’वर कापणे. आमच्या कार्यशाळेत शिकायला आलेल्या एका मुलाने 5 मिमी जाडीच्या ॲक्रिलिक शीटमध्ये वळणदार खिडकी कापायला घेतली होती. डायल ‘ए’वर होती, ब्लेडला पुढे-मागे झोका देणारा पेंड्युलमचा खटका दोनवर होता आणि काम लवकर संपवण्याची त्याला घाई होती. ब्लेड शीटमध्ये शिरताच यंत्राने कमाल वेग धरला आणि काप झरझर पुढे जात असल्याने त्याला सारे छान चालले आहे असेच वाटले. प्रत्यक्षात ब्लेडच्या मागे वितळलेले ॲक्रिलिक पुन्हा सांधले जात होते. वळणावर त्याने क्षणभर ट्रिगर सोडला, तेवढ्यात ब्लेड त्या गोळ्यात घट्ट बसले. ते सोडवण्यासाठी त्याने ट्रिगर पूर्ण दाबला, यंत्राबरोबर सगळी शीट उचलली गेली आणि कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तडा गेला. वेगनियंत्रणाने त्याचे काम चोख केले होते: लोड आला, वेग वाढवला. वितळणाऱ्या मालाला तोच वेग नको होता.

ॲक्रिलिकसाठी मी ‘ए’ बंद करतो, डायल मधल्या आकड्याच्या खाली आणतो, पेंड्युलम शून्यावर ठेवतो आणि शीटवरचा संरक्षक कागद तसाच राहू देतो. फार बारीक दातांचे ब्लेडही टाळतो, कारण त्यांत भुसा अडकून उष्णता वाढते. आधी त्याच शीटच्या टाकाऊ तुकड्यावर काप घेऊन भुसा पाहतो. सुटे कण पडत असतील तर वेग योग्य आहे. चिकट तार निघत असेल तर डायल आणखी खाली यायला हवी. धातूचेही असेच आहे. ॲल्युमिनियमला मध्यम वेग चालतो, पोलादाला कमी आणि स्टेनलेसला त्याहून कमी, तोही तेल देऊन. साध्या कार्बन पोलादाचे ब्लेड सुमारे 300 अंश सेल्सिअसला निळे पडते आणि दातांचा कडकपणा उतरतो. असे ब्लेड पुन्हा वापरण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती अधिक काळ चालू राहते. वेग सांभाळणारे सर्किट नसलेल्या जिगसॉवर जास्त जोर दिला की आवाज उतरतो आणि हात आपोआप सैल होतो. वेग टिकवणाऱ्या यंत्रात आवाज फारसा उतरत नाही, त्यामुळे बोथट ब्लेडनेही जाड लाकडात यंत्र रेटले जाते. वेग तोच दिसतो, पण मोटर ओढत असलेला विद्युतप्रवाह वाढलेला असतो, आणि वेटोळ्यांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. इकडे ब्लेड वरच्या टोकालाच धरलेले असल्यामुळे रेटल्यावर त्याचे मोकळे टोक वाकते आणि खालचा काप रेषा सोडतो. ‘काम उरकले’ म्हणून माल उलटा करून न पाहणाऱ्यांना हे फार उशिरा समजते.

इथे एक तांत्रिक मर्यादाही लक्षात घ्यावी. मिनिटाला 3000 स्ट्रोक (ब्लेडच्या वर-खाली फेऱ्या) म्हणजे एका स्ट्रोकला 20 मिलिसेकंद, आणि 50 हर्ट्झच्या विजेचे अर्धे आवर्तन 10 मिलिसेकंदांचे असते. म्हणजे एका स्ट्रोकमध्ये सर्किटला शक्ती बदलण्याच्या दोनच संधी मिळतात आणि नेहमीचे ब्लेड त्यातही फक्त वर येताना कापते. त्यामुळे सर्किट सरासरी वेग सांभाळते. मध्येच कठीण गाठ लागल्यावर बसणारा झटका हातानेच ओळखून दाब कमी करावा लागतो. बेसप्लेट (यंत्राचा खालचा सपाट तळ) मालावर घट्ट टेकवण्यासाठी खाली दाब द्यावा, पुढे मात्र ब्लेड जेवढे कापेल तेवढेच न्यावे. मी आवाजावर न विसंबता भुशाकडे आणि वासाकडे लक्ष देतो: जाडसर, फिक्या भुशाऐवजी काळपट पूड पडू लागली की ब्लेड बदलतो.

उष्णतेबाबतची आणखी एक चूक याच्याच जोडीची आहे. थंडाव्याचा पंखा मोटरच्याच दांड्यावर असल्याने कमी वेगात हवा कमी मिळते, म्हणून बराच वेळ हळू काम केल्यावर यंत्र दोन-तीन मिनिटे कमाल वेगाने मोकळे चालवावे. ‘ए’वर ठेवून हे साधत नाही, कारण लोड नसताना यंत्र हळूच चालते; आधी ‘ए’ बंद करून डायल कमाल आकड्यावर न्यावी.

पंख्याच्या रेग्युलेटरमधून जिगसॉ कधीही चालवू नये. आतले सर्किट नियमित आवर्तनावर अवलंबून असते. लांब आणि बारीक तारेची एक्स्टेन्शन वापरल्यास व्होल्टेज पडते आणि सर्किटने पूर्ण शक्ती सोडूनही वेग उतरतो. ब्लेड मालाला टेकवून यंत्र सुरू करू नये. पेंड्युलमचा खटका वेगासाठी नसतो, तो ब्लेडला पुढे-मागे झोका देतो. पातळ प्लायवर ‘ए’चा वेग वाढला नाही तर तो बिघाड नव्हे, कारण लोड ओळखण्याइतका पडलेलाच नसतो, त्यासाठी जोर लावणे हा सर्वांत वाईट उपाय आहे, डायलनेच वेग ठरवावा. कडक थंडीत गिअरमधील ग्रीस घट्ट असते आणि यंत्र तोच लोड समजून मोकळे असतानाही वेगात चालू शकते. थोडे गरम झाल्यावर ते ठीक होते.

खरा बिघाड शोधण्यासाठी यंत्र उघडायचे असेल तर आधी प्लग काढावा. डायल कुठेही ठेवली तरी यंत्र पूर्ण वेगानेच धावत असेल, तर ट्रायॅक शॉर्ट झालेला असू शकतो किंवा सेन्सरचा संदेश सर्किटपर्यंत पोहोचत नसावा. असे यंत्र वापरू नये. सर्किट बहुधा रेझिनमध्ये बंद केलेले असते, त्यामुळे ते कोरून दुरुस्त करण्याऐवजी संपूर्ण मॉड्यूल बदलणे योग्य. वेग सतत वर-खाली होत असेल तर लगेच मॉड्यूल मागवू नये. आधी कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे ठोकळे) झिजले आहेत का ते पाहावे, मग चुंबकाच्या कडीवर धातूची पूड चिकटली आहे का ते तपासावे. लोखंड कापणाऱ्यांच्या यंत्रांत ती हमखास सापडते. नवे कार्बन बसवल्यावर त्यांची टोके कम्युटेटरच्या (ते ज्यावर घासतात त्या तांब्याच्या फिरत्या भागाच्या) गोलाईला बसेपर्यंत यंत्र काही मिनिटे मोकळे चालवावे, आणि तरीही वेग डळमळत असेल तरच सर्किटला हात लावावा.