मोठ्या आवाजानं हेडफोन फाटला? खोलण्याआधी मोजा

सप्ताहाच्या मंडपात साऊंडवाल्याच्या मशीनला हेडफोन जोडला, नॉब आधीच पूर्ण फिरवलेला होता, ‘फट्’ झालं आणि उजवी बाजू खरखरायला लागली. असा हेडफोन लगेच दुकानात नेऊ नका, आधी घरी अर्धा तास द्या. खरखर म्हणजे कॉइल (पडदा हलवणारं बारीक तारेचं वेटोळं) जळालीच असं नसतं. दोष नेमका सांगता आला तर दुकानदारही नको तो भाग बदलत नाही.

आधी थोडं गणित. साधा फोन पूर्ण आवाजावर जेमतेम १ व्होल्ट देतो. ३२ ओहमच्या कॉइलवर त्याचे ३० मिलिवॅटच्या आसपास होतात आणि ते बहुतेक हेडफोन सहज झेलतात. उलट ५० वॅटचा अॅम्प्लिफायर ८ ओहमच्या टर्मिनलवर २० व्होल्ट काढतो. तेच २० व्होल्ट ३२ ओहमला मिळाले की झाले साडेबारा वॅट! केसाहून बारीक तारेची कॉइल तेवढ्यानं क्षणात जळते. भोंग्यांसाठी असते ती १०० व्होल्टची लाइन तर हेडफोनलाच काय, हातालाही झटका देईल. म्हणून मिक्सरवर ‘फोन्स’ लिहिलेल्या सॉकेटलाच पिन लावायची, तीही नॉब शून्यावर आणून. अॅम्प्लिफायरच्या मागच्या स्पीकर टर्मिनलवरून जुगाड करायचा नाही. फोनमधले आवाज वाढवणारे अॅप मात्र वेगळ्या वाटेनं घात करतात. ते आवाजाच्या विद्युत लहरीचे शेंडे कापतात, लहर चौकोनी होत जाते, आणि पूर्ण चौकोनी लहरीत तेवढ्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट शक्ती असते.

आता तपासणी. दुसऱ्या फोनला लावून बघा, खरखर त्याच बाजूला राहते का. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू असेल तर तो बंद करा. मग टोन जनरेटरचं एखादं फुकट अॅप घेऊन आवाज अगदी हळू ठेवा आणि ४० ते २०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढवत न्या. हेडफोन कानावर घालू नका, हातात कानाजवळ धरा. एका बाजूला ठरावीक पट्ट्यात घर्र होत असेल तर पडद्याला (आत थरथरून आवाज काढणाऱ्या पातळ पापुद्र्याला) काहीतरी लागतंय. ते ‘काहीतरी’ पुष्कळदा डोक्याचा एक केस निघतो. जाळीतून आत शिरलेला केस पडद्याला टेकला की आवाज हुबेहूब फाटलेल्या स्पीकरसारखा येतो. वाळूजसारख्या एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्यांच्या हेडफोनमध्ये लोखंडाचा चुरा सापडतो, कारण आतलं चुंबक तो ओढून घेतं.

तार असलेल्या हेडफोनला मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवून मोजा. तीन भागांच्या पिनेत टोक डावं, मधलं कडं उजवं, मागचा भाग कॉमन. माइकवाल्या चार भागांच्या पिनेत टोक डावं, दुसरा भाग उजवा, तिसरा बहुधा कॉमन आणि शेवटचा माइक. ३२ ओहमच्या हेडफोनला दोन्ही बाजूंना साधारण तेवढाच आकडा यायला हवा, एक-दोन ओहमचा फरक चालतो. एका बाजूला मीटर काहीच दाखवत नसेल तर पिनेजवळची आणि कानाजवळची वायर हलवून बघा. आकडा येतो-जातो तर वायर तुटलीय, ड्रायव्हर (कॉइल, पडदा आणि चुंबक मिळून झालेला आतला छोटा स्पीकर) ठणठणीत आहे. ३२ च्या जागी ८-१० आला तर कॉइलचा मुलामा जळून वेटोळी एकमेकांना चिकटलीत. तो ड्रायव्हर गेला. आकडा बरोबर पण घर्र चालूच, तर केस, चुरा किंवा जागा सोडून घासणारी कॉइल. ब्लूटूथ हेडफोनमधला अॅम्प्लिफायर आतल्या ड्रायव्हरच्या मापाचाच असतो, त्यामुळे तिथे कॉइल जळणं विरळ. वॉरंटी शिल्लक असेल तर खोलू नका.

खोलताना आधी गादी काढा. ती कडेच्या खाचेत ताणून बसवलेली असते, नाहीतर चापांवर. खाली तीन-चार बारीक स्क्रू दिसतील, कधी कापडाच्या आड लपलेले असतात. फोटो काढून ठेवा आणि कोणती वायर ड्रायव्हरमागच्या लाल खुणेच्या टॅबवर (वायर सोल्डर करायच्या ठिपक्यावर) आहे ते टिपा. इथे एक धोका आहे: चुंबक स्क्रूड्रायव्हरचं टोक खेचतं आणि ते थेट पडद्यात घुसतं. चांगल्या बाजूचाही ड्रायव्हर असाच जातो. म्हणून पितळी किंवा प्लास्टिकचा चिमटा वापरा. केस चिमट्यानं उचला. चुऱ्यासाठी उदबत्तीच्या काडीला चिकटपट्टी चिकट बाजू वर ठेवून गुंडाळा आणि कडेकडेनं टिपा. पंक्चरवाल्याच्या हवेनं साफ करायचा मोह आवरा, पडदा एका फुंकरीत जातो.

ड्रायव्हर बदलायचाच तर जोडी घ्या. एकच नवा घातला की दोन्ही कानांचा आवाज सारखा राहत नाही आणि गायक एका बाजूला सरकतो. व्यास (बहुतेक ४० मिमी), जाडी आणि ओहम ही तीन मापं घेऊनच दुकानात जा. सोल्डरिंगला २५ वॅटचं आयर्न आणि ०.८ मिमीची सोल्डर पुरते. टॅबवर टोक दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, कारण कॉइलची तार त्याच टॅबवर येते आणि प्लास्टिक वितळलं की ती सुटते. हेडफोनच्या रंगीत तारांवर मुलामा असतो. आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन त्यात तारेचं टोक बुडवून तो जाळा, नाहीतर सोल्डर धरतच नाही. मागच्या भोकांवरचा कागद किंवा कापड जसंच्या तसं राहू द्या. ड्रायव्हरची कड सगळीकडून चिकटलेली हवी, फट राहिली की बेस गायब होतो. त्यासाठी बी-७००० गोंद वापरा आणि एक दिवस वाळू द्या. फेविक्विक नको, तिच्या वाफेनं पडद्यावर पांढरी साय धरते.

हे हातून होणार नसेल तर शहरात मोबाइल बाजार असतोच. तालुक्याच्या गावी मात्र मोबाइलवाल्यापेक्षा भोंग्याच्या युनिटचे पडदे बदलणारा कारागीर गाठावा. स्क्रीन आणि बॅटरीवर चालणाऱ्या हातापेक्षा कॉइल-पडद्याची सवय असलेला हात बरा. ‘भाऊ, टॅबवर ओहम किती येतात?’ एवढं विचारा. जो मीटर न लावताच ‘स्पीकर उडाला’ म्हणतो, त्याच्याकडून हेडफोन परत घ्या. ड्रायव्हर आणि मजुरी मिळून नव्या हेडफोनच्या निम्म्याच्या वर जात असेल तर आमच्या मते दुरुस्ती परवडत नाही.

पैसे देण्याआधी काउंटरवरच ऐका. एकाच माणसाचा आवाज असलेलं काहीही लावा, कीर्तन चालेल. आवाज डोक्याच्या मध्यभागी यायला हवा. तो दोन्हीकडे पसरट, पोकळ वाटला आणि मृदंगाची धूम हरवली तर एका ड्रायव्हरच्या तारा उलट्या लागल्यात. तिथल्या तिथे त्याच बाजूच्या दोन तारांची अदलाबदल करून मागा.